ब्रुकलिनची १६५ कार्डं

२००३ च्या मार्चमध्ये आपण वर्ल्ड कपची फायनल हरलो तेव्हा मी ब्रुकलिनमध्ये होते. बे रिज भागात, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. मध्यरात्रीपासून कॉम्प्युटरसमोर बसून पॉन्टिंगचं शतक आकड्याआकड्याने वाढताना बघितलं होतं आणि सकाळी तोंड पाडून चहा पीत होते. तेवढ्यात घरमालक रेडिएटर बघायला वर आले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

म्हटलं, कोणी नाही, मॅच हरलो.

ते हातातला पाना ठेवून खुर्चीवर बसले. "शेवटचं कधी जिंकला होतात?"

"१९८३. वीस वर्षं झाली."

"वीस!" ते हसले. "आम्ही सात वेळा फायनलला गेलो आणि सातही वेळा हरलो. मग आठव्यांदा जिंकलो. आणि दोन वर्षांनी संघच गाव सोडून गेला."

आमचे मालक (मी त्यांना मनातल्या मनात मालकच म्हणायचे, समोर अर्थातच नाव) सबवेत मोटरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्या दिवशी रेडिएटर राहिलाच. ते खाली गेले आणि एक पेटी घेऊन आले. आत बेसबॉल खेळाडूंची कार्डं होती. एकूण १६५, एकाच संघाची. ब्रुकलिन डॉजर्स.

हा डॉजर्स शब्द मला तोवर लॉस एंजेलिसला चिकटलेला माहीत होता. मुळात तो ब्रुकलिनचा. तिथल्या रस्त्यांवर एकेकाळी ट्रामचं इतकं जाळं होतं की ट्राम चुकवत चालणारे लोक, ट्रॉली डॉजर्स, असं चेष्टेचं नाव पडलं आणि तेच संघाला चिकटलं. चेष्टेचं नाव अभिमानाने मिरवणारं गाव मला लगेच आवडलं.

आता थोडं कार्डांविषयी, कारण आपल्याकडे हा प्रकार त्या प्रमाणात कधी नव्हता. माझ्या लहानपणी बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्याआधीची पोरं काड्यापेटीचे छाप जमवायची, पण ते सगळं तेवढ्यापुरतंच. अमेरिकेत ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली. सिगरेटचं पाकीट चुरगळू नये म्हणून आत जो पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर खेळाडूंची चित्रं छापायला लागले. पुढे सिगरेटची जागा बबलगमने घेतली, म्हणजे गिऱ्हाईक बापाऐवजी मुलगा झाला.

आणि या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी, टॉप्स, होती खुद्द ब्रुकलिनची! बुश टर्मिनल म्हणून बंदरालगतच्या गोदामांची मोठी वसाहत आहे, तिथे तिचा कारखाना. १९५२ साली साय बर्गर नावाच्या तिथल्या एका तरुण नोकरदाराने आपल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर, ४०७ कार्डांचा एक संच रचला. पुढच्या बाजूला रंगवलेला फोटो, संघाचं चिन्ह, सहीची प्रतिकृती. मागे खेळाडूची माहिती आणि आकडे, गेल्या मोसमाचे आणि आजवरच्या कारकिर्दीचे. एका सेंटला एक कार्ड आणि बबलगमचा तुकडा. आजही बेसबॉलचं कार्ड म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते या टेबलावर ठरलं. डॉजर्सचं मैदान, एबेट्स फील्ड, तिथून काही मैलांवर. म्हणजे मालकांच्या लहानपणी खेळाडूही गावातलेच आणि त्यांची चित्रं छापणारेही गावातलेच.

मालकांची पेटी मात्र त्या काळातली नव्हती. ती १९९५ सालची. डॉजर्सच्या १९५५ च्या विजयाला चाळीस वर्षं झाली म्हणून टॉप्सने १९५२ ते १९५६ मधली ब्रुकलिनच्या खेळाडूंची जुनी कार्डं पुन्हा छापून संच काढला होता. त्यात टॉप्सची होती तशी बोमन या फिलाडेल्फियाच्या कंपनीचीही होती. दोघांत खेळाडूंच्या करारावरून चाललेली भांडणं १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेऊन मिटवली, त्यामुळे चाळीस वर्षांनी दोघांचा माल एका पेटीत घालायला कोणाची हरकत नव्हती. एरवी हे जमलं नसतं. उदाहरणार्थ कॅम्पनेला हा त्यांचा थोर कॅचर १९५३ ला टॉप्सकडे, ५४ आणि ५५ ला बोमनकडे, ५६ ला परत टॉप्सकडे. शाळकरी पोरांना एका खेळाडूची सलग वर्षं जमवायची तर दोन्ही कंपन्यांचं बबलगम चघळावं लागे.

कंपनीला १९९५ सालीच एवढे उमाळे का आले याचंही कारण उघड आहे. आदल्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला होता आणि १९९४ ची वर्ल्ड सिरीज झालीच नव्हती. लोक चिडलेले. त्यात आधीच्या दहाएक वर्षांत सगळ्या कंपन्यांनी कार्डं इतकी बेसुमार छापली होती की त्यांना रद्दीचा भाव आला होता. वर्तमान विकला जात नसला की भूतकाळ बाहेर काढायचा, हे आपल्याकडच्या दिवाळी अंकांनाही ठाऊक आहे. असो.

पण ती कार्डं सुंदर होती, हे कबूल केलंच पाहिजे. १९५५ ची बोमनची कार्डं मला फार आवडली. तेव्हा घरोघरी टीव्ही नवा होता, म्हणून प्रत्येक खेळाडू लाकडी चौकटीच्या टीव्हीत दाखवलाय. १९५३ च्या बोमनमधला पी वी रीस तर घसरत आलेल्या खेळाडूच्या वर हवेत उडालेला आहे. बाकीचे बॅट धरून शहाण्यासारखे उभे आणि हा एकटा खेळतोय.

मालक प्रत्येक कार्डामागची गोष्ट सांगायचे. रविवारी सकाळी एकेक वर्ष, असं करत दोन-तीन महिने आमची शिकवणी चालली. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला पहिल्यांदा मैदानात उतरला, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५२ च्या टॉप्सच्या संचात तो शेवटच्या गठ्ठ्यात, ३१२ नंबरवर आहे. पुढच्या वर्षीच्या संचात एक नंबरचं कार्ड त्याचं. पाच वर्षांची पोरंसुद्धा एक नंबर कोणाला मिळाला हे बघतात, मालक म्हणाले.

१९५५ च्या कार्डांची एक गंमत. ती मोसमाच्या सुरुवातीला छापलेली, त्यामुळे त्यातल्या कोणालाच पुढे काय होणार ते माहीत नाही. जॉनी पॉड्रेस हा डावखुरा पोरगा कार्डावर कोणी विशेष वाटत नाही. ३० सप्टेंबरला, आपल्या तेविसाव्या वाढदिवशी, तो यांकींना हरवतो आणि ४ ऑक्टोबरला सातव्या, निर्णायक सामन्यात त्यांना एकही धाव करू देत नाही. २-०. दोन्ही धावा गिल हॉजेसने काढून दिलेल्या. सहाव्या डावात योगी बेराचा टोला डाव्या कोपऱ्यात निघालेला सँडी अमोरोसने धावत जाऊन हात लांबवून पकडला, नाहीतर ही गोष्टच वेगळी झाली असती. आणि सगळ्यांना ज्याची आठवण येते तो रॉबिन्सन त्या सातव्या सामन्यात खेळलाच नव्हता.

मालक तेव्हा तेरा वर्षांचे. रस्त्यावर लोक भांडी वाजवत होते, एवढंच ते सांगू शकायचे. त्यापुढे आवाज जायचा.

त्यांच्या स्वतःच्या लहानपणीच्या कार्डांचं काय झालं, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचं उत्तर प्रत्येक अमेरिकन माणूस देतो तेच मिळालं. सैन्यातून परत आलो तर आईने टाकून दिली होती. दोन बुटांची खोकी. त्यातलं एकच कार्ड कुठल्याशा पुस्तकात राहिलं म्हणून वाचलं. १९५२ च्या संचातलं पहिलं, अँडी पाफ्को. पोरं नंबराप्रमाणे गठ्ठा लावून रबरबँड घालायची. पहिलं कार्ड सगळ्यात वर, म्हणून रबरबँड त्यालाच कापायचं. पाफ्कोची धड राहिलेली कार्डं याच कारणाने अतिशय दुर्मिळ आहेत. मालकांच्या पाफ्कोच्या दोन्ही कडांना खाचा होत्या, एक कोपरा गेलेला, मागे पेन्सिलीने काहीतरी बेरीज. नव्या संचातला पाफ्को त्यांनी त्याच्या शेजारी ठेवून दाखवला. तोच चेहरा, तोच निळा रंग, पण आजारातून उठून आल्यासारखा तुकतुकीत.

२००५ च्या उन्हाळ्यात माझी आई आली होती. तिलाही ते दाखवण्यात आलं आणि आयांनी कार्डं टाकण्याची राष्ट्रीय शोकांतिकाही सांगण्यात आली. आईने माझ्याकडे बघून मराठीत म्हटलं, "मग काय करायचं होतं तिने? झुरळं झाली असती खोक्यांत." मी भाषांतर केलं नाही. दादाचे काड्यापेटीचे छाप कोणी टाकले होते ते आम्हा दोघींना माहीत होतं.

पण सगळा दोष आयांचा नाही. १९५२ च्या संचाचा शेवटचा गठ्ठा, ३११ ते ४०७, मोसम संपत आला तेव्हा दुकानांत पोहोचला. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल परत आला आणि बुश टर्मिनलच्या गोदामात पडून राहिला. जत्रांमध्ये सेंटला दहा या भावानेही कोणी घेईना. शेवटी १९६० साली तो सगळा एका बार्जवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिकमध्ये बुडवला. ही गोष्ट खुद्द बर्गर सांगायचे, बरोबर बार्जवर तेच होते. (ते २०१४ मध्ये गेले.) त्या गठ्ठ्यातलं पहिलं, ३११ नंबरचं कार्ड यांकींच्या मिकी मँटलचं. त्याची एक उत्तम प्रत २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेली!

माझं लक्ष मात्र त्या गठ्ठ्यातल्या पुढच्या तीन नंबरांवर अडकलं. ३१२ रॉबिन्सन. ३१३ बॉबी थॉमसन. ३१४ कॅम्पनेला.

थॉमसन कोण ते सांगायला हवं. १९५१ साली डॉजर्स ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या साडेतेरा सामने पुढे होते. ती आघाडी वितळत वितळत बरोबरी झाली आणि तीन सामन्यांवर निकाल ठरला. ३ ऑक्टोबर १९५१, तिसरा सामना, शेवटचा डाव. डॉजर्स ४-२ ने पुढे. राल्फ ब्रँकाचा चेंडू थॉमसनने डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे टाकला. तीन धावा, ५-४, खेळ खलास. शारजात १९८६ ला मियाँदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर मारलेली सिक्स ज्याने बघितली आहे त्याला मी आणखी काही समजावायची गरज नाही. भिंतीला पाठ लावून वर बघत उभा राहिलेला डॉजर्सचा फील्डर म्हणजे आपला पाफ्को. जायंट्स त्या मोसमात दुर्बिणीतून कॅचरचे इशारे चोरत होते हे २००१ मध्ये उघड झालं, पण तोवर पन्नास वर्षं झाली होती.

पुढच्याच वर्षी बर्गरने त्या थॉमसनला रॉबिन्सन आणि कॅम्पनेला यांच्या मध्ये बसवलं. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण १९५२ साली नंबर लावून कार्डं ठेवणाऱ्या ब्रुकलिनच्या पोराला, शेवटचा गठ्ठा मिळालाच असेल तर, हे तिघे एकत्र बघावेच लागत. यांकींचा मँटलही शेजारी. पोरांचा संच म्हणजे अख्खी लीग असायची, वैऱ्यांसकट.

एका रविवारी मी मालकांना सहज विचारलं, "मग या पेटीत थॉमसन कुठे आहे?"

"तो कशाला असेल? ही डॉजर्सची पेटी आहे."

ते बरोबरच होतं. पण मी तिथे थांबले नाही. म्हटलं, ब्रँकाच्या त्या चेंडूशिवाय पॉड्रेसचा विजय एवढा मोठा का हे नातवंडांना कसं कळणार? आणि ही पेटी १९५६ लाच का संपते? १९५७ मध्येही संघ ब्रुकलिनमध्येच होता की. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, पिट्सबर्गविरुद्ध, जिंकलेसुद्धा, आणि बघायला आले होते ६,७०२ लोक. बत्तीस हजारांच्या मैदानात. ८ ऑक्टोबरला संघ लॉस एंजेलिसला जात असल्याचं जाहीर झालं. मालक ओमॅली यांना अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या चौकात नवं स्टेडियम बांधायचं होतं, शहराचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी जागा दिली नाही, क्वीन्समध्ये जा म्हणाले. दोष कोणाचा यावर ब्रुकलिनमध्ये अजूनही भांडता येतं. पण ६,७०२ या आकड्याचं काय? बाकीचे पंचवीस हजार कुठे होते? हे सगळं मी वाचनालयात नवीनच वाचलेलं होतं आणि नवं वाचलेल्या माणसाला ते कुठेतरी सांडायचं असतं.

मालकांनी पेटी बंद केली. म्हणाले, "मी होतो पंधरा वर्षांचा. मीही गेलो नव्हतो त्या दिवशी." आणि खाली गेले.

त्यानंतर रविवारची शिकवणी बंद पडली. बोलायचे, हसायचे, पण पेटी वर आली नाही. मला अजून त्या प्रश्नाची लाज वाटते. प्रश्न चूक नव्हता, तरी वाटते.

मी एकटीच एकदा एबेट्स फील्डची जागा बघायला गेले. त्यांना विचारलं होतं, ते आले नाहीत. २३ फेब्रुवारी १९६० ला मैदान पाडायला सुरुवात झाली तेव्हा यारीच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता, लाल टाक्यांसकट. माणसांना काय सुचेल सांगता येत नाही. बर्गरची कार्डं समुद्रात गेली तेही त्याच वर्षी. मैदानाच्या जागी १९६२ मध्ये उंच इमारती उभ्या राहिल्या. भिंतीत एक दगड आहे, इथे एबेट्स फील्ड होतं असं सांगणारा. आणि आवारात पाटी, की कृपया इथे चेंडू खेळू नये.

मैदान पाडायच्या त्या समारंभाला कॅम्पनेला हजर होता. चाकाच्या खुर्चीत. संघ कॅलिफोर्नियाला गेला त्या हिवाळ्यात, २८ जानेवारी १९५८ ला, त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो मानेखाली लुळा झाला. लॉस एंजेलिससाठी तो एकही सामना खेळला नाही. १९५९ च्या टॉप्सच्या संचात ५५० नंबरचं कार्ड त्याचं आहे, खुर्चीत बसलेलं, धैर्याचं प्रतीक अशा मथळ्याचं. बबलगमच्या पुडीत मुलांना हेही मिळत होतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. १९९५ च्या पेटीत ते येणं शक्यच नव्हतं. ती पेटी १९५६ ला संपते, तेव्हा तो उभा आहे.

२००६ मध्ये मी पुण्याला परत आले. ख्रिसमसला कार्ड यायचं, मी दिवाळीला पाठवायचे. २०११ मध्ये एप्रिलमध्ये आपण वानखेडेवर वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा त्यांचा फोन आला होता, पहाटे उठून कुठूनसा स्कोअर बघितला म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं. आमच्यापेक्षा बरं." त्याच हिवाळ्यात ते गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीने एक पार्सल पाठवलं. आत ती पेटी, वडिलांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती अशी दोन ओळींची चिठ्ठी.

मी जेवणाच्या टेबलावर सगळी कार्डं लावली. आई शेजारी बसून मोजत होती. तिचे १६७ भरले. मी म्हटलं चुकलीस, ती म्हणाली तू मोज. पुन्हा १६७.

१९५६ च्या शेवटच्या कार्डामागे दोन जास्तीची होती. एक बॉबी थॉमसन, नंबर ३१३. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला होता त्यातलं, नवंकोरं. दुसरं १९५९ चं अस्सल, कोपरे गोल झालेलं, चाकाच्या खुर्चीतला कॅम्पनेला.

रबरबँडच्या खाचा असलेला जुना पाफ्को पेटीत नव्हता. तो मुलीने ठेवून घेतला असावा, आणि ते योग्यच झालं.